आमिषाचा रंग आणि भोईवाड्याचा नाका

माशाला आमिषाचा रंग महत्त्वाचा की गळ टाकायची जागा, हा वाद सुरू करायला परळच्या भोईवाड्याइतकं सोयीचं ठिकाण नाही, कारण तिथे तो सुरू होतानाच संपतो. जेरबाई वाडिया रस्त्यावर उभं राहून लाल, पोपटी, सोनेरी, अंधारात चमकणारा, पाठीवर पट्टे नि पोटावर ठिपके असलेला कसलाही नकली मासा भिरकावा. गळाला लागलीच तर एखादी टॅक्सी लागेल, आणि हिसका बसेल तो टॅक्सीवाल्याच्या तोंडचा. तिथून दोनेक किलोमीटरवर शिवडीच्या धक्क्यावर जा, भरती चढत असताना कोलंबीचा रंग उडालेला, वास सुटलेला तुकडा पाण्यात सोडा, आणि शिंगाळा तरी चौकशीला येतो. जागा बरोबर असेल तर रंगावाचून भागतं. रंग कितीही बरोबर असला आणि जागा चुकली तर पोलीस येतात. भोईवाड्यात पोलीस ठाणं आहे आणि न्यायालयही आहे, त्यामुळे पुढचं सगळं चालत्या अंतरावर उरकतं.

भोई म्हणजे पालखी खांद्यावर घेणारा आणि नदी-तळ्यांत जाळं टाकणारा समाज. वस्ती त्यांच्या नावाची, परळ हे एके काळचं बेट, आणि परळ-वरळीच्या मधल्या सखल भागात भरतीचं पाणी खुशाल आत-बाहेर करत असे. अठराव्या शतकात हॉर्नबीच्या बांधाने महालक्ष्मीकडचं खिंडार बुजवलं, मग भर पडत गेली, गिरण्या आल्या, चाळी आल्या, केईएम आलं, टाटा आलं. आज भोईवाड्यात मासा येतो तो कोळणीच्या पाटीतून, डोक्यावर बसून. माशांनी या भागाकडे पाठ फिरवली ती इथल्या भिंतींचा रंग न आवडल्यामुळे नव्हे. पाणी गेलं, मासे गेले. जागेच्या बाजूने इतका मोठा, इतका जुना आणि इतका खर्चीक पुरावा दुसऱ्या कुठल्या शहराने क्वचितच तयार करून ठेवला असेल.

रंगवाद्यांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, हे टोकाचं उदाहरण झालं. कोरड्या रस्त्यावर कोण गळ टाकतो? आणि त्यांच्यातला एखादा लालबागकर असला तर तो पुढे जाऊन सांगेल की रस्ता कोरडा आहे हे तुम्हाला मे महिन्यात वाटतं. जुलैत हिंदमात्याला या, मग दाखवतो पाणी. ठीक आहे, येऊ. हिंदमात्याला पाणी इतकं नेमाने तुंबतं की ते साठवायला महापालिकेला दादरला नि परळला जमिनीखाली टाक्या बांधाव्या लागल्या. पण या पाण्यात आजवर कुणी सुरमई धरलेली नाही. यावरून रंगवाद्यांची बाजू बळकट होत नाही, उलट जागा म्हणजे काय ते जास्त नीट कळतं. नुसतं पाणी म्हणजे जागा नव्हे. माशाला तिथे यायला कारण लागतं: खायला काहीतरी, लपायला काहीतरी, आणि अंग न शिणवता अन्न तोंडाशी आणून देणारा प्रवाह. मरीन ड्राइव्हच्या काठाला ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे टाकले ते लाटा मोडायला; पण त्यांच्या फटींत शेवाळ धरलं, शेवाळाला बारीक जीव आले, खेकडे आले, खेकड्यांवर डोळा ठेवून मासे आले आणि माशांवर डोळा ठेवून संध्याकाळी ऑफिस सुटलेली माणसं आली. भाऊच्या धक्क्याच्या खांबांभोवती, शिवडीच्या खाजणातून ओहोटीला पाणी जिथून बाहेर पडतं त्या तोंडाशी, हाजीअलीच्या खडकांच्या कडेला हेच होतं. यातल्या कुठल्याही ठिकाणी मासा रंग बघायला आलेला नसतो. जेवायला आलेला असतो.

तरीही वरळीच्या कठड्याशी गळ टाकून उभ्या असलेल्या शौकिनांमध्ये चर्चा चालते ती रंगाचीच. त्यांच्या पेट्या उघडल्या की आत कप्प्याकप्प्यांत झगमगाट असतो. ढगाळ हवेला पिवळा, उन्हाला रुपेरी, संध्याकाळी काळा-जांभळा, डोकं लाल नि अंग पांढरं असलेला तर बारमाही. हे वेळापत्रक ऐकताना वर्तमानपत्रांनी रूढ केलेले नवरात्रीचे नऊ रंग आठवल्याशिवाय राहत नाहीत. सोमवारी कुठला, मंगळवारी कुठला, हे ठरलेलं, आणि चुकीच्या दिवशी चुकीचा रंग घालून लोकलमध्ये चढलेल्या बाईसारखी चुकीच्या आमिषाची गत व्हायची. फरक एवढाच, की लोकलच्या डब्यात सगळ्या बायकांनी पेपर वाचलेला असतो. माशाने तो वाचलेला नसतो, आणि वाचायचा म्हटला तरी मुंबईच्या पाण्यात त्याला अक्षर दिसायचं नाही.

ही थट्टा नव्हे, मोजमापाची गोष्ट आहे. १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने, जो खगोलशास्त्रज्ञही होता, पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली आणि ती दिसेनाशी कुठे होते ते मोजलं. पाण्याचा स्वच्छपणा मोजायची ती रीत आजही वापरात आहे. एवढं स्वस्त उपकरण विज्ञानात फारसं उरलेलं नाही. निळ्याशार समुद्रात ही तबकडी कित्येक मीटर खाली जाऊनही दिसत राहते. मुंबई बंदराच्या गाळाच्या पाण्यात, ओहोटी जोरात असताना, ती हात-दीड हातात गायब झाली तर नवल नाही. आता तबकडी पांढरी असते आणि वरून बघणाऱ्याला ती नेमकी कुठे आहे हे ठाऊक असतं. माशाला आमिष कुठे आहे हे ठाऊक नसतं आणि त्याला कुणी दोरी धरून दाखवतही नाही. म्हणजे रंगाची सगळी करामत घडायची ती शेवटच्या हातभर अंतरात. तोवर मासा तिथे पोचलेला असायला हवा, आणि पोचला की नाही हा प्रश्न जागेचा आहे.

त्यातही पाणी रंगांशी सारखेपणाने वागत नाही. स्वच्छ समुद्रात तांबडा प्रकाश सगळ्यांत आधी शोषला जातो. आठ-दहा मीटरांखाली लाल वस्तू लाल राहत नाही, काळपट दिसते. आपल्या किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात गाळ आणि कुजलेल्या पानपाचोळ्याचा अंश निळा प्रकाशही गिळून टाकतो आणि उरतो तो पिवळा-हिरवा उजेड. लाल डोक्याचं ते महागडं आमिष खाली गेलं की त्याचं डोकं काळं होतं. दुकानात दिव्याखाली पाहून ज्याचा रंग पसंत केला ते आमिष पाण्यात गेल्यावर तो रंग धारणच करत नाही. तो रंग पाहणारा शेवटचा प्राणी म्हणजे ते विकत घेणारा. शिवाय मासा बहुतेक वेळा खालून वर बघतो. वर आभाळाचा उजेड आणि मध्ये आडवं आलेलं काहीतरी, एवढंच त्याला दिसतं. उजेडाच्या समोर धरलेली पिवळी नि गुलाबी वस्तू सारखीच काळी दिसते, हे पतंग उडवणाऱ्या पोरालाही माहीत असतं.

यावर अभ्यासू रंगवादी एक जड ग्रंथ काढून टेबलावर आपटतो: मासे रंगांधळे नाहीत, हे सिद्ध झालेलं आहे. खरं आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात म्युनिकमध्ये कार्ल फॉन हेस नावाचे नेत्रविद्येचे मातब्बर प्राध्यापक ठासून सांगत होते की माशांना रंग कळत नाहीत. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या तरुणाने छोट्या माशांना विशिष्ट रंगापाशी अन्न मिळतं अशी सवय लावली आणि नंतर अन्न न देता नुसता रंग दाखवला. मासे धावत आले. प्राध्यापकांना राग आला, भांडण बरीच वर्षं चाललं, आणि १९७३ साली नोबेल मिळालं ते फॉन फ्रिशना, अर्थात तोवर ते मधमाश्यांकडे वळले होते. पण या प्रयोगातली एक बाब रंगवादी सांगताना वगळतात. हे मासे काचेच्या टाकीत होते. पाणी स्वच्छ, अंतर वीतभर, दुसरीकडे जायला वाव नाही. म्हणजे जागेचा प्रश्न आधीच पूर्ण सुटल्यावर रंगाला वाव मिळाला. मासा टाकीत कोंडून मिळणार असेल तर भोईवाड्यातही रंगावर बोलायला आमची ना नाही.

आणि आपल्याकडच्या माशांचा स्वभाव पाहिला तर रंगाचं महत्त्व आणखी घसरतं. शिंगाळ्याच्या तोंडाभोवती मिशा असतात. त्या चव नि वास शोधत चिखलातून फिरतात, डोळ्यांवर तो फारसा विसंबत नाही. रावस त्याहून मुलखावेगळा. त्याच्या छातीच्या परांखाली प्रत्येक बाजूला चार मोकळे धागे लोंबतात, डोळ्यांवर चरबीचा पातळ पडदा असतो, आणि गढूळ पाण्यात तो त्या धाग्यांनी चाचपडत पुढे सरकतो. घोळ तर आवाजाचा मासा: पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून तो ढोलासारखा घुमतो, आणि मलेशियात जुरू सेलाम म्हणून ओळखले जाणारे कोळी पाण्यात डोकं घालून याच कुळातल्या माशांचा थवा कुठे आहे ते कानाने ओळखत आले आहेत. बघा, त्यांनी कानाने काय शोधलं? जागा. माशाला कुठला रंग आवडतो ते ऐकायला पाण्यात डोकं घातल्याचं कुठे वाचनात नाही. आणि महाराष्ट्राचा राज्यमासा? २०२३ साली तो मान रुपेरी पापलेटला मिळाला. पापलेट तरंगणारे बारीक जीव आणि जेलीफिशसारखं मऊ अन्न खाणारा. गळाला तो सहसा विचारत नाही. त्याच्यासाठी पाण्यात जाळं उभं करतात, आणि त्या जाळ्याच्या धाग्याचा रंग मात्र जपून निवडतात, तो माशाला दिसू नये म्हणून. रंगावर विचार करून पैसे घालणारा खरा मच्छीमार ते न दिसण्यासाठी घालतो, हे आमिषाच्या दुकानदारांनी पाटीवर लिहायला हरकत नाही.

एखाद्या धंद्यात खरोखर काय महत्त्वाचं आहे हे ओळखायचं असेल तर त्या धंद्यातली माणसं कशावरून भांडतात ते पाहावं. बोंबलासाठी डोल जाळं लावतात. मोठ्या पिशवीसारखं हे जाळं प्रवाहाच्या समोर तोंड आ वासून एका ठिकाणी बांधलेलं असतं, त्यात आमिष म्हणून काही नसतं, आणि भरती-ओहोटी स्वतः मासे आणून आत घालते. खुंट ठोकून बसवलेल्या या जागांना कव म्हणतात. कुठल्या गावाची कव कुठवर, हा वसई-उत्तन आणि सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांमधला वाद वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. जागा वारसाने मिळते, जागेवरून बैठका होतात, जागेवरून मंत्री मध्यस्थी करतात. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातल्या कोळ्यांनी किनारी रस्ता नि सागरी सेतू जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर न ठेवता वाढवावं म्हणून लढा दिला आणि २०२२च्या अखेरीस ते १२० मीटर करून घेतलं. हा लढा होता आपल्या नेहमीच्या जागेकडे जाण्याच्या वाटेचा. खांबाला कुठला रंग द्यावा यावर त्यांनी एकही मोर्चा काढला नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१चा. त्याच्याखाली कुठे मासे धरायचे, केव्हा धरायचे, जाळ्याचा आस किती, बोट कुठली, हे सगळं ठरतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, हे ठरतं. गुलाबी आमिषाला बंदी करावी असं आजवर कुणाला वाटलेलं नाही, आणि सरकारला बंदी घालण्याची हौस कमी आहे असा आरोप तर कुणीच करणार नाही.

इथे रंगवादी खूश होऊन म्हणतो, मग एलईडी दिव्यांनी मासेमारी करायला २०१७ साली केंद्र सरकारने बंदी का घातली? उजेडाने मासा येतो म्हणूनच ना? येतो, आणि ठिकठिकाणचा येतो, म्हणूनच बंदी. पण तो दिवा काय करतो ते पाहायला हवं. उजेडाकडे बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे छोटे मासे, त्यांच्यामागे मोठे. दिव्याने रात्रीच्या रिकाम्या समुद्रात एक जागा तयार केली. मरीन ड्राइव्हच्या ठोकळ्यांनी जे वर्षानुवर्षांत केलं ते त्याने तासाभरात केलं, आणि फुकटात जागा तयार करता आली की काय होतं हे मुंबईत कुणाला समजावून सांगायला नको. पवईच्या तलावात मचाणावर बसून कटला-रोहूची वाट बघणारे शौकीनही तेच करतात. गळ टाकण्याआधी ते पेंड-कणकेचे वासाचे गोळे त्याच त्या ठिकाणी टाकत राहतात, माशांना ती जागा लागावी म्हणून. त्या गोळ्याचा रंग मातकट असतो. कटल्याची अद्याप तक्रार नाही.

बोंबलाचा दाखला तर सगळ्यांवर ताण. सौराष्ट्रापासून मुंबई-रायगडापर्यंत तो ढिगाने सापडतो. रत्नागिरीच्या खाली उतरलं की नावापुरता उरतो, आणि मग दक्षिणेला मोठा खंड पडून पुन्हा पूर्व किनाऱ्यावर, बंगालच्या बाजूला भेटतो. मधल्या सगळ्या किनाऱ्यावर मासे आहेत, कोळी आहेत, जाळी आहेत, भूकही आहे. बोंबील नाही. त्याला जोरदार भरती-ओहोटीचं, नद्यांचा गाळ आलेलं पाणी मानवतं. मुंबईत उधाणाला समुद्र साडेचार मीटरांच्या वर चढतो, तसा दक्षिणेत चढत नाही. मालवणकराने बोंबलाला बोलवायला काय वाटेल ते रंग वापरून पाहावेत. तो येणार नाही. त्याचा पत्ता ठरलेला आहे.

आता रंगवाद्यांचा सगळ्यांत जोरदार पुरावा, जो दर रविवारी नवा तयार होतो. दोघेजण एका कठड्यावर शेजारी शेजारी उभे, जागा एकच, पाणी एकच, एकाच्या गळाला तीन मासे आणि दुसऱ्याच्या गळाला प्लॅस्टिकची पिशवी. पहिल्याचं आमिष चॉकलेटी, दुसऱ्याचं निळं. मग सांगा! सांगतो. जागा एकच नव्हती. समुद्राला खोलीही असते, हे कठड्यावरून विसरायला होतं. दोन आमिषांचं वजन वेगळं, तोंडाला लावलेली पट्टी वेगळी, ओढायचा वेग वेगळा; एक दोन हात खाली चाललं होतं आणि दुसरं वरच्या वर पाणी कापत होतं. माशाच्या दृष्टीने हे दोन वेगळे मजले झाले. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ साली बुचाच्या लाकडातून आपलं आमिष कोरलं तेव्हा त्याने निरखलं होतं ते हे, की मोठा मासा थव्यातल्या डगमगत, लंगडत पोहणाऱ्या लहान माशावर झडप घालतो. त्याच्या आमिषाने जगभर नाव काढलं ते त्या लंगडण्यामुळे. वर चकचकीत कागदाचा मुलामा होता खरा, पण मुलामा तर मिठाईवरही असतो.

शिवाय या पुराव्यात हिशेबाचा एक ठसठशीत घोळ आहे (मासा नव्हे). ज्या रंगावर माणसाचा विश्वास बसतो तो रंग तो सगळ्यांत आधी बांधतो आणि सगळ्यांत जास्त वेळ पाण्यात ठेवतो. भरती भरात असते तेव्हा गळाला चॉकलेटी. पाणी थांबलं, मासे गेले, कंटाळा आला, की मग प्रयोग म्हणून निळा. निळ्याला काही लागत नाही. घरी जाताना निष्कर्ष पक्का: चॉकलेटीच चालतो. खरं तर चॉकलेटीला भरती मिळाली आणि निळ्याला ओहोटी. क्रिकेटमध्ये सपाट खेळपट्टीवर खेळलेल्याची सरासरी आणि वळणाऱ्या खेळपट्टीवर खेळलेल्याची सरासरी एकाच मापाने मोजली तर दादर युनियन नि शिवाजी पार्कच्या लोकांनी मारामारी केली असती. माशांच्या बाबतीत हेच माप शास्त्र म्हणून खपतं.

इथे जागावाद्यालाही एक चिमटा बसतो आणि तो चुकवणं बरं नव्हे. रंगवादी म्हणतो, तुम्ही जागेत सगळंच कोंबलंत: खोली जागेत, प्रवाह जागेत, भरतीची वेळ जागेत, दिवा जागेत. मग रंगाच्या वाट्याला काय उरणार? आक्षेप रास्त आहे. पण समुद्राकाठी जागा आणि वेळ वेगळ्या काढताच येत नाहीत. शिवडीचा तोच धक्का, सकाळी त्याच्या पायाशी पाणी आणि दुपारी चिखल. चिखलात गळ टाकला तर निवटी मिळेल. कोकणातल्या कुणाही जाणत्याला भरतीची वेळ काढायला यंत्र लागत नाही. तिथीला पाऊणपट केलं की झालं: एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, थोडं इकडे-तिकडे. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याला ओढ कमी आणि डोलवाला निवांत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा त्याची धावपळ. भोईवाड्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं, म्हणजे मासे केव्हा लागतील याची अर्धी माहिती दुधाच्या हिशेबाशेजारी आधीच लटकते आहे. त्या पानावर लाल रंग छापलेला असतो तो सुट्टीचा. तेवढ्यापुरतं मात्र मानायला हवं की लाल रंग दिसला की गळ टाकणाऱ्यांची कठड्यावर गर्दी वाढते.

रंगाला काहीच अर्थ नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पावसाळा सरून पाणी निवळल्यावर, किनाऱ्यापासून दूर निळ्या पाण्यात, सुरमई किंवा कुप्यासारखा डोळ्यांवर शिकार करणारा मासा समोर असेल तर उजळ आणि गडद यांतला फरक त्याला कळतो, आणि त्या दिवशी तिथे जो छोटा मासा फिरत असेल त्याच्यासारखं दिसणारं आमिष सरस ठरू शकतं. पण तिथे फिरतोय कोण, मांदेली की तारली, हे पुन्हा जागाच सांगते. रंगाला स्वतःची मिळकत नाही. तो जागेच्या घरी पोटभाडेकरू आहे. याची साक्ष शिवडीलाच मिळते. दर हिवाळ्यात तिथल्या चिखलात हजारो रोहित पक्षी उतरतात आणि अख्खी मुंबई त्यांचा गुलाबी रंग बघायला दुर्बिणी घेऊन जाते. तो गुलाबी रंग त्यांना जन्मतः मिळत नाही. खातात त्या शेवाळातून नि बारीक कोलंबीसारख्या जिवांतून तो पिसांत उतरतो. योग्य खाणं देणारी जागा मिळाली नाही तर पक्षी फिकट पडतो.

मग इतकं असूनही माणसं रंगावर का बोलतात? कारण रंग विकत मिळतो. दुकानात जागा मिळत नाही. जागेसाठी तिथी बघावी लागते, पहाटे उठावं लागतं, पाणी कुठे वळतं ते महिनोन्‌महिने पाहावं लागतं, आणि एवढं करून ती सापडली तरी मुंबईत तिथे उद्या रस्त्याचा खांब उभा राहू शकतो. रंगाला यातलं काही लागत नाही. पैसे टाकले की झालं, आणि नाही लागला मासा तर दुसरा रंग घ्यायचा. दुसरं कारण जास्त लबाडीचं आहे. कुणाच्या हातात चांगला जिताडा दिसला की लोक विचारतात, कशावर लागला? तो लगेच, मोकळ्या मनाने, शेजारधर्म पाळत सांगतो: चॉकलेटीवर, पोट केशरी. रंग सांगितल्याने त्याचं काही जात नाही. कुठे लागला, असं विचारलं की मात्र तो आभाळाकडे बघतो आणि हात हलवून माहीमपासून अलिबागपर्यंतचा सगळा किनारा दाखवतो. दोन गोष्टींपैकी माणूस कुठली फुकट वाटतो आणि कुठली बायकोलाही सांगत नाही, यापेक्षा भक्कम साक्ष भोईवाड्याच्या कोर्टातही सादर होत नसेल.

रंगवाद्यांना एका ठिकाणी मात्र पूर्ण विजय मिळतो, तो बाजारात. तिथे गळाला लागणारा माणूस असतो. भोईवाड्याची गृहिणी पाटीसमोर उकिडवी बसते, दोन बोटांनी सुरमईचा कल्ला उचलते आणि आतला रंग बघते. लालभडक असला तर सौदा पुढे. तपकिरी पडला असेल तर मासा परत पाटीत. डोळा काळा-पारदर्शक हवा, पांढुरका नको. पापलेटची चमक जिवंत हवी. रंगावर इतका कडक निकाल देणारं दुसरं ठिकाण या सगळ्या व्यवहारात नाही. पण कल्ला लाल निघाला तरी ती पैसे काढत नाही. "मावशी, कुठला?" असं विचारते. "भाऊच्या धक्क्याचा, वहिनी, पहाटेचा," एवढं ऐकल्यावरच भाव सुरू होतो, आणि मावशी मग पाचशेपासून खाली यायला तयार नसते.